पहिलं तास

"मारलं न्हवं पहिलं तास? मग?" धाकलूनं जेवणाचं ताट पुढं सरकवलं. "राखणदाराम्होरं काय गाऱ्हाणं घातलं हुतं? नव्या नांगराचं पहिलं तास तळीच्या शेतात. मारलं. शबूद पाळला. आता रोज उठून तेच काय काढतियास, वैनी?"

"एक रेघ वडली, त्याला तास म्हणतोस व्हय रं?" केशर चुलीपुढून हलली नाही. "रेघ बघायला बैल दिले व्हय मी? शाळंतली मास्तरीण हाय मी, पाटीवर रेघ बघून शाब्बास म्हणायला?"

"एक कुठली? तीन फाळांचा नांगर हाय. एका खेपंत तीन तासं पडली. बोलीपेक्षा दोन जास्तीच."

धाकलूची बायको फुला दारात तांदूळ निवडत होती. ती फिस्सकन हसली. केशरचा नवरा नारायण भिंतीला टेकून सुपारी कातरत होता. त्यानं मान वर केली नाही.

तळीचं शेत घराच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या वळणावर. केशर दिग्गीहून लग्न होऊन रामनगरच्या या वाडीत आली तेव्हा धाकलू नुकता चालायला लागलेला होता आणि सासू वारलेली होती. पोर तिच्या पदराला धरून फिरायचं आणि तिलाच अव्वा, म्हणजे आई, म्हणायचं. 'वैनी' तो फुला घरात आल्यावर म्हणायला लागला. नारायण रेल्वेत गँगमन, राहायला कॅसलरॉकला. सुट्टी मिळाली की गाडीनं यायचा, आठवड्याचे कपडे धुवायला टाकायचा आणि परत जायचा. शेती गड्यावर चालायची. एका वर्षी ऐन चिखलणीत गडी सोडून गेला, तेव्हा केशरनं पदर खोचला आणि नांगर धरला.

बाईनं नांगराला हात लावला की पाऊस रुसतो, असं वाडीत म्हणत. त्या साली पाऊस एवढा पडला की ओढ्यानं बांध नेला. तेव्हा तीच माणसं म्हणाली, बाईनं नांगर धरला म्हणून. केशरनं बांध घातला आणि पुढच्या वर्षी पुन्हा नांगर धरला.

त्या शेताची गंमत अशी की वरची माती जेमतेम वीतभर. तिच्याखाली बैलांच्या खुरांनी वर्षानुवर्षं तुडवून बसलेला घट्ट थर. त्याच्याखाली नुसता मुरूम. थर आहे तोवर पाणी थांबतं, पाणी आहे तोवर भात पिकतं. केशरनं चांद्या आणि बाळ्या या जोडीनं तो थर राखला होता, एखादी बाई घरची जमीन सारवून राखते तसा.

मग रेल्वेचे रूळ रुंद करायचं काम निघालं, तेव्हा नारायण नोकरी सोडून घरी आला. धाकलूनं ट्रॅक्टरचं टुमणं लावलं. केशर ट्रॅक्टरच्या विरुद्ध नव्हती. तिचं एकच म्हणणं होतं, जोडी बघून नांगर. ठेंगण्या बैलांमागं थोराड नांगर लावला तर बैलही मरतो आणि शेतही.

"तेच की, वैनी," धाकलू तेव्हा तिला मोठ्या हौसेनं समजावत होता. "आपला ट्रॅक्टर पस्तीस हॉर्सपॉवरचा. एका फाळाला बारा-पंधराची ताकद लागती. म्हंजे आपल्याला दोन फाळी नांगर बास. वरच्यावर माती पलटून देतो बघ. तुझ्या थराला धक्का न्हाई."

हे तिला पटलं. ट्रॅक्टर दारात येऊन उभा राहिला, आणि तिनं जोडी कुंभारवाड्याच्या झिलूला विकली. जोडी सोडायच्या आदल्या दिवशी सगळे शेताच्या कडेच्या आंब्याखाली, शेत राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या दगडापुढं जमले. नारायणनं नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. केशर म्हणाली होती, "सगळी नांगरट आधी तळीच्या शेताची, असं म्हणा." नारायण म्हणाला होता, "पहिलं तास म्हणायची रीत हाय. त्यात सगळंच आलं."

नंतर नांगर आला तो तीन फाळी. ट्रॉलीतून उतरायच्या आधीच केशरनं फाळ मोजले. धाकलू म्हणाला, दुकानात दोन फाळी संपले होते, हाही चालतो. वळवाच्या सरी येऊन गेल्यावर त्यानं नांगर शेतात घातला. फाळ मातीत गेले आणि ट्रॅक्टर काळा धूर ओकायला लागला. पुढची चाकं हलकी होऊन उचलली गेली, मागची जागच्या जागी फिरून खड्डा करायला लागली. इंजिन रडत-रडत कसंबसं बांधापर्यंत पोचलं. मागं पिवळा मुरूम वर आला होता. धाकलूनं तेवढ्यावरच नांगर उचलला, ट्रॉलीत घातला आणि दुरुस्तीला म्हणून खानापुराकडं नेला.

आज सकाळी केशरनं ओढ्यावरून भरलेली कळशी त्या तासात ओतली. ती कळशी खाली ठेवेपर्यंत पाणी गडप झालं होतं.

"मी भांडायला बसले न्हाई," ती आता म्हणाली. "त्यो नांगर परत द्या आणि दोन फाळी आणा. फाटलंय तेवढं मी बुजवीन. मिरगाच्या आत नांगरट व्हायला पायजे, एवढंच."

"परत कशाला द्यायचा, अक्का?" फुलाला राहवलं नाही. "खानापुरात माझ्या वासूदादाच्या ट्रॅक्टरामागं कसा झ्याक चालतोय! पन्नासचा हाय त्येचा. त्येच्या मापानंच तर घेतलाय."

"फुला!" धाकलू ओरडला.

"माझ्यावर काय वरडता? वासूदादाच्या मापानं मी घेतला काय? दुकानदारानं इचारलं ट्रॅक्टर केवढ्याचा, तवा थोरल्या भावजींनीच सांगितलं, पन्नासचा. तुमीच तर हसत-हसत घरी येऊन सांगितलं हुतं."

अडकित्ता थांबला.

केशरनं नवऱ्याकडं पाहिलं. "खरं?"

नारायणनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "तिकडं ऊस वाढलाय. नांगरटीला लोक मागं लागल्यात. ट्रॅक्टर वासूचा, नांगर आपला. आपला ट्रॅक्टर ट्रॉलीला. घरासाठीच केलं."

"आणि माझं शेत?"

"बघू की. कुणाची तरी जोडी मिळंल."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू बैल सोडले असतेस व्हय?"

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं, की जणू गाडी कितीला सुटते तेच सांगत होता. केशरला त्याचा नारळ धरलेला हात आठवला. पहिलं तास म्हणायची रीत हाय. म्हणजे नारळ फोडायच्या आधीच त्यानं शब्द निवडून ठेवला होता. धाकलूचं तिला एवढं लागलं नाही. त्याला तिनंच लाडानं बिघडवला होता. पण गाऱ्हाण्याच्या वेळी या माणसाच्या शेजारी उभं राहून तिनं डोळे मिटले होते, हात जोडले होते.

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पाणी मारलं, आणि हात पुसत उभी राहिली.

"उद्या सकाळच्या गाडीनं मी कुंभारवाड्याला जाणार. झिलूशी सावड करणार. त्येची लावणी मी करीन, त्येच्या बदल्यात चांद्या-बाळ्या माझ्या शेताला."

"वैनी, इकलेल्या बैलांच्या दारात जाऊन दुसऱ्याच्या चिखलात वाकणार तू?" धाकलू उठलाच. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पाऊस रुसला."

"अगं, पण..." नारायण म्हणाला.

"जोडी मी चालवत आणीन. फाटलेला थर त्येंच्याच खुरानं बसंल. नांगर मी धरणार, भात माझ्या कणगीत पडणार. आल्यावर माझी चूल वेगळी." ती फुलाकडं वळली. "तांदूळ मूठभर जास्ती टाकत जा. ह्यांचं ताट आता तुझ्याकडं."