जीपमधल्या दोन जागा

आज कुळीथ भाजायला घेतले आणि त्या खमंग वासासरशी मी कणकवलीच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

साठच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न नुकतंच झालं होतं. यजमानांनी आंब्याच्या धंद्यासाठी जुनी जीप घेतली होती, आणि पावसाळा सरल्यावर ती थेट काश्मीरपर्यंत न्यायची म्हणून बापलेक भारताचा नकाशा पसरून बसले होते. वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर नारळ ठेवले होते. सासरे विती टाकून मुक्काम ठरवत होते. मी आणि सासूबाई पडवीत कुळीथ भाजत होतो. आमचं नाव कुठंच निघेना. मला फार जायचं होतं, पण नव्या सुनेनं विचारायचं कसं?

सासूबाईंनी भाजता भाजता विचारलं, "वाटेत जेवतलास खंय?"

"खानावळी आसत गो," सासरे म्हणाले.

"बरा झाला. म्हणजे आमका रांधूक लागूचा नाय. आमी दोघी डोंगर बघूक येतलंव."

सासरे खो खो हसले. यजमान माझ्याकडे बघून हसले.

तेव्हा वाटलं, म्हातारीला हौस भारी. आता मीही सासू आहे. त्या 'दोघी'तली पहिली मी होते, हे आता कळतं.

पुढं खरंच बर्फाचे डोंगर दिसले, तेव्हा मी चालत्या जीपमध्ये उभी राहिले. सासूबाईंनी माझा पदर घट्ट धरला, पण बस म्हणून काही म्हणाल्या नाहीत.