कुसरवाडीची एकशे त्र्याहत्तर माणसं

कुसरवाडीहून मी निघालो तेव्हा मला पोचवायला अख्खा डोंगर उतरला होता, असं मी सिंगापुरात सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे आले होते चौघे, आणि त्यातला एक त्याच गाडीने तालुक्याला दाढ दाखवायला चालला होता. पण चौघांचे चारशे करणं हा आमच्या घराण्याचा गुण आहे. तो अंगाशी कसा आला तेच आज लिहायला बसलोय. तिकडे राहिलात त्यांनी वाचा, आणि माझ्यासारखे निघून आलात त्यांनीही वाचा. दोघांचीही नावं यात आहेत.

गाडी म्हणजे मुक्कामी एसटी. संध्याकाळी तालुक्याहून वर यायची, शाळेपुढे मुक्काम करायची आणि पहाटे साडेपाचला खाली उतरायची. ड्रायव्हर असा घोरायचा की पलीकडच्या डोंगरावरचे कोंबडे त्याच्या जिवावर आरवायचे आणि आमचे कोंबडे आळशी झाले होते. आईने दिलेली चिवड्याची पिशवी एवढी थोरली, की कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट मागितलं. आई पिशवीची गाठ पुन्हा आवळत बसली. बोलले ते आबा.

आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या डोंगरावरचे पोस्टमन. सहा वाड्या आणि एक सायकल. एसटीचा रस्ता सोडला तर सायकल चालेल अशी वाट मात्र कुठेच नाही, म्हणून तीस वर्षं त्यांनी ती हातात धरूनच चालवली. खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचलास की तिकडचा पत्ता कळव. पण इथला खोडू नकोस." मला वाटलं, पोस्टमन माणूस, दुसरं काय सांगणार. त्याला आता बारा वर्षं झाली.

सिंगापुरात सेरंगूनला अकराव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे. बायको आहे, नऊ वर्षांची ओवी आहे, आणि दर दोन-तीन वर्षांनी नवा करून घ्यावा लागणारा इथे राहण्या-कमावण्याचा पास आहे. आणि नोकरी. नोकरी काय ते ऐका, पण हसू नका. मी युरोपातली खेडी चालवतो. बरं, चालवत नाही. युरोपातले शेतीचे प्रांत सात-सात वर्षांची ग्रामविकासाची योजना करतात. कुठल्या गावाला रस्ता, कुठे शाळेची बस, कुठे दूध गोळा करायचं केंद्र, कुठल्या तरुणाने बापाची शेती हाती घेतली तर त्याला किती मदत. निधी थोडा आणि गावं फार. मग ते आमच्यासारख्या सल्लागार कंपन्यांना विचारतात. आमची आकडेमोड सिंगापुरात चालते, कारण ते तिकडे झोपलेले असताना आम्ही इकडे जागे असतो.

मी कृषी अर्थशास्त्र शिकलो, पण युरोपातलं एकही शेत पाहिलेलं नाही. गेल्या बारा वर्षांत मी पाहिलेलं सगळ्यात मोठं शेत एका कार पार्कच्या गच्चीवर आहे. तिथे लेट्यूस पिकतं. तरीही मला तिकडच्या हजारो गावांची माणसं, म्हातारपण आणि बसथांब्यांची अंतरं पाठ आहेत. लिटिल इंडियात भाजी घेताना भाजीवाला 'कसं काय' विचारतो, तर मी त्याला पोर्तुगालच्या डोंगरातलं सरासरी वय सांगतो.

आमचं संगणकावरचं मॉडेल गावाला रंग देतं. हिरवा म्हणजे इथे पैसा घाला, गाव जगेल. पिवळा म्हणजे वाट बघा. करडा म्हणजे इथल्या सोयी हळूहळू आवरा आणि माणसांना जवळच्या मोठ्या गावाशी जोडा. कागदावर त्याला 'सन्मानपूर्वक माघार' म्हणतात. मी एकदा एका सकाळी चाळीस गावं करडी केली आणि खाली हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जाऊन चिकन राईस खाल्ला. चांगला होता. हे मी फुशारकीने सांगत नाही. एरवी फुशारकीशिवाय मी काही सांगत नाही, म्हणून मुद्दाम नमूद केलं.

आता आमच्या कामातली एक रीत. खरी गावं घालण्याआधी मॉडेलमध्ये एक चाचणीचं गाव घालून बघतात, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं. बाकीचे त्याला 'टेस्ट वन' असलं बेचव नाव देतात. मी कुसरवाडी घातली. आमच्या टीमच्या प्रमुख लिम बाई, त्यांनी विचारलं, हे कुठल्या देशात आलं? मी म्हटलं, डोंगराळ भागात. त्यांनी मान डोलावली. युरोपात डोंगर पुष्कळ.

आकडे आबांकडून घेतले. रविवारच्या फोनवर विचारलं, "गावात माणसं किती?"

"एकशे त्र्याहत्तर." विचार करायलाही थांबले नाहीत.

"शाळेत पोरं?"

"एकवीस."

मला शंका यायला हवी होती. पण मी गावाला शेवटचा गेलो होतो तो आईच्या दिवसांना, आणि तेव्हा गाव खच्चून भरलं होतं. मेलेलं माणूस गाव भरवतं, जिवंत माणसाला ते जमत नाही, हे मला त्या वेळी सुचलं नाही. मी आकडे घातले. कुसरवाडी हिरवी झाली.

इथे माझी जीभ सुटली. मी आबांना सांगितलं, युरोपच्या मशीनने आपलं गाव पास केलं. सांगितलं, तिकडे कुणी साहेब वरून ठरवत नाही, गावातलीच माणसं गट करून बसतात, आपल्याला काय हवं ते लिहितात आणि मग निधी येतो. यातलं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं मी ओवीला झोपवताना सांगतो तसं सांगितलं. पुढच्या रविवारी आबांचा फोन आला, की 'कुसरवाडी स्थानिक कृती गट' स्थापन झाला आहे. सभासद सात. सातांचे दात मोजले तर एका माणसाचे भरतील, पण गट झाला.

युरोपातले प्रांत शेकडो पानांची योजना पाठवतात. आबांच्या गटाची योजना एका पानाची होती आणि त्यात मागणी एकच: मुक्कामी गाडी पुन्हा सुरू करावी.

गाडी दोन वर्षांपूर्वी बंद झाली होती. साखरेपायी आबांच्या डोळ्यांना महिन्याच्या महिन्याला इंजेक्शन लागायचं. पहाटेची गाडी नाही म्हणजे डोळ्यांचा दवाखाना गाठून त्याच दिवशी घरी परत येणं नाही. सातांपैकी प्रत्येकाचं असंच काहीतरी दुखणं होतं. गाडी आली तर आबा गावात राहणार, नाही तर चिंचवडला माझ्या ताईकडे जाणार. ताई आणि मी त्यांना 'चला' म्हणून म्हणून थकलो होतो. ते म्हणायचे, "टपाल कोण घेईल?" निवृत्त होऊन बारा वर्षं झालेला माणूस.

योजनेला जोडायला आबांनी माझ्याकडे पुरावा मागितला. मी गावाचं नाव आणि त्यापुढे मॉडेलने दिलेला हिरवा गोल छान मांडून पाठवला. आबांनी तालुक्याला रंगीत प्रिंट काढली आणि एसटीच्या आगारात नेऊन ठेवली. आगारवाल्यांनी तो कागद मानाने पाहिला म्हणतात. मग एका मंगळवारी त्यांचा एक माणूस वर आला. त्याच्याकडे मॉडेल नव्हतं. तो दारोदार फिरला आणि माणसं मोजली.

अकरा.

शाळेत एकवीस काय, एकही पोर नव्हतं. दारात शेळ्या बसल्या होत्या.

हे मला ताईकडून कळलं. मी लगेच फोन लावला. "आबा, अकरा?"

"घरी अकरा आहेत," आबा म्हणाले. "बाकीचे बाहेर गेलेत."

"कधीपासून?"

"कोण वीस वर्षं, कोण बारा. तुझं तुला माहीत."

मला आधी हसू आलं. म्हटलं, मी उगाच समजत होतो की थापा आमच्या घरात मीच मारतो. पण ती थाप नव्हती. टपाल पोचवता आलं नाही तर पोस्टमनला पाकिटावर शेरा लिहावा लागतो. घराला कुलूप दिसलं आणि शेजाऱ्याने सांगितलं की हे कायमचे गेले, तर 'गाव सोडून गेले' असं लिहून पाकीट परत धाडायचं. आबांनी तीस वर्षांत तो शेरा एकदाही लिहिला नाही. ते लिहायचे, 'बाहेर गेले आहेत.' पाकीट पिशवीत ठेवायचे आणि दिवाळीला किंवा देवीच्या जत्रेला ते माणूस आलं की हातात द्यायचे. वरून बोलणी खायचे. त्यांच्या हिशेबी ज्याचं टपाल इथे येतं तो इथला. एकवीस पोरंही त्यांनी खोटी सांगितली नव्हती. ती सगळी शाळेतच होती. कुणी भोसरीला, कुणी डोंबिवलीला, एक सिंगापूरला.

मी मॉडेल उघडलं आणि एकशे त्र्याहत्तरच्या जागी अकरा घातले. रंग बदलायला डोळ्याची पापणी लवते तेवढाही वेळ लागला नाही.

त्या रविवारी आबांनी विचारलं, "मग आता मशीन काय म्हणतं?"

मंडळी, माझ्याजवळ थापांची काय कमतरता. मशीन नादुरुस्त आहे म्हणता आलं असतं. युरोपात सुट्टी लागलीय म्हणता आलं असतं. मी एकदा लिम बाईंना, आमच्या गावी म्हशी मोजणारा स्वतंत्र अधिकारी असतो हे पटवलेलं आहे. पण आबा असे विचारत होते, जसं डोळ्यांच्या डॉक्टरला विचारतात. मी सांगितलं, "करडा."

"करडा म्हणजे?"

"म्हणजे आता आवरतं घ्यावं, आबा."

आबांनी तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. मग म्हणाले, "हुशार आहे तुझं मशीन. टपाल तेवढं वाटलेलं नाही त्याने."

महिना उलटायच्या आत ते चिंचवडला गेले. ताईने गाडी करून आणलं. घराला लावायला कुलूप तालुक्याहून मागवावं लागलं, कारण आमच्या घराला कुलूप कधी नव्हतंच. गटाचे उरलेले सहा पोचवायला आले होते. हा आकडा मी वाढवलेला नाही.

आबांचे डोळे आता वेळच्या वेळी तपासले जातात. ताई म्हणते, तब्येत सुधारली, फक्त कुणाशी बोलत नाहीत. सोसायटीत खाली टपालाच्या पेट्या आहेत, त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसतात. मी आयुष्यात एकदाच खरं बोललो असेन, आणि तेही कुठे, तर इथे. पण ते खरं होतं म्हणून बोललो, की मला सोयीचं होतं म्हणून? त्यांनी गाव सोडावं असं मला हवंच होतं. 'चला' म्हणत होतो, पण 'गाव संपलं' म्हणायचं मला स्वतःला धाडस नव्हतं, ते मी एका रंगाकडून म्हणवून घेतलं. ज्या चाळीस गावांवर मी चिकन राईस खाल्ला, तिथेही कुणीतरी मुलाला असाच फोन करून रंग विचारला असेल.

मागच्या महिन्यात आमच्या ब्लॉकच्या पत्रपेटीत जाड पाकीट आलं. आबांचं अक्षर, आता ओळीखाली घसरणारं. आत वही. वहीत एकशे त्र्याहत्तर नावं, घरवार, प्रत्येकापुढे ठिकाण. सध्या भोसरी. सध्या सुरत. सध्या दुबई, मुलगा नर्सिंगला. हे वाचणारे तुम्ही, तुमच्यातले बरेच त्यात आहात, मी बघितलंय. शेवटचं नाव ओवीचं, सध्या सिंगापूर. तिने कुसरवाडी दोनदा पाहिली आहे आणि दोन्ही वेळा तिला उलटी झाली होती. पहिलं नाव आबांचं स्वतःचं. त्यापुढचं 'घरी' एका रेघेने खोडून वेगळ्या शाईने लिहिलंय, सध्या चिंचवड. पत्र वगैरे काही नव्हतं.

त्याच आठवड्यात माझ्या पासच्या नूतनीकरणाचा फॉर्म भरत होतो. मायदेशातला पत्ता अशी एक जागा असते. ताई म्हणाली होती, चिंचवडचा घाल, बाबा, निदान कुणीतरी दार उघडेल. मी कुसरवाडी लिहिलं, पोस्टाचं नाव लिहिलं, पिनकोड लिहिला. इथे मी रोज एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, फाटकातून जाता-येता मोजला जातो, पण पासवरच्या तारखेपर्यंतच. तिकडे मी बारा वर्षं नाही, आणि यादीत माझं नाव आहे. घर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर यापलीकडे सांगता येणार नाही, आणि यात मीठमसाला घातलेला नाही.

ओवी शेजारी बसून वही चाळत होती. तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "वाह, सो मेनी पीपल. ऑल स्टे देअर, आह?"

"हो."

तिने फॉर्मकडे पाहिलं. "बट नाऊ नोबडी होम, लाह. लेटर आलं तर? हू विल टेक?"

मी म्हटलं, "पोस्टमन घेईल. सध्या बाहेर गेलाय."