जनवाड्याच्या कालवडीची जीभ

उदगीरहून भालकीची गाडी धरली तेव्हा मांडीवर पेटी होती, आणि तिला कुणी हात लावला तर खबरदार! आत माझी चार वर्षांची मेहनत होती: टॉर्चएवढा सूक्ष्मदर्शक. जिवंत जनावराला न कापता, केसाहून बारीक नसांतून रक्त वाहताना दाखवणारा. पुण्यात भूल दिलेल्या उंदरांवर तो झकास चालला होता.

भालकीला बस बदलून जनवाड्याला उतरले. मला बोलावणारे जनावरांचे डॉक्टर थेट शेवंताक्काच्या गोठ्यात घेऊन गेले. तिच्या देवणी कालवडीची जीभ काटेरी तारेत चिरली होती, डॉक्टरांनी परवाच शिवलेली.

"शेंड्याला रक्त पोचत नसंल तर तेवढा कापावा लागंल," ते म्हणाले. शेंडा गेला तर गाय चारा ओढणार कशानं?

मी ऐटीत भिंग जिभेखाली टेकवलं. कालवडीनं मान झटकली आणि यंत्राच्या छोट्या पडद्यावर नुसता भूकंप! मग दोघांनी तिला धरलं, मी भिंग घट्ट दाबलं. चित्र थांबलं, पण रक्तही थांबलेलं. एक कण हलेना. डॉक्टरांनी कात्री उकळायला ठेवली. 

"अवं बाई, इतकं कामून दाबायलाव?" अक्का कडाडली. "सड असं आवळल्यावर दूध येतंय व्हय? सरका!"

तिनं गुळवणीत (गुळाच्या पाण्यात) बोट बुडवून पुढे धरलं. जीभ आपसूक बाहेर आली. अक्कानं ती हलकेच उलटवून तळव्यावर घेतली. नसा मीच दाबून बंद केल्या होत्या, हे आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरलं! यंत्र मी तिच्याच हाती दिलं. रोज धार काढणारा हात तो. भिंग टेकलं न टेकलं, आणि लाल कण मुंग्यांसारखे रांगेनं पार शेंड्यापर्यंत पळायला लागले.

"जित्ती हाय! अण्णा, ती कात्री ठिवा आता!"

मी आनंदानं डॉक्टरांच्या पाठीत थापच घातली. दुपारी अक्काकडे जवारीची भाकरी आणि पुंडीची (अंबाडीची) भाजी पोटभर हाणली.

आता पुण्यात माझ्याकडे नवा विद्यार्थी आला की त्याला आधी गोठ्यात धार काढायला पाठवते. सहकारी हसतात. हसू देत की! यंत्र मी बनवलं, पण ते धरायचं कसं हे मला जनवाड्यात कळलं.

जनवाड्याहून परतल्यावर पंधरा दिवसांनी डॉक्टरांचा व्हिडिओ आला होता. कालवड हिरव्या कडवळाला जिभेचा विळखा घालून ओढत होती, शेंड्यासकट अख्ख्या जिभेचा! मागून अक्काचा आवाज येत होता, "खा माय, खा!"