न्यूट्रलमधला मामा

आमच्यात भाचीला बोहल्यापर्यंत मामाच आणतो. मामा आला नाही तर मुलगी खोलीतच बसून राहते आणि वरपक्षाची माणसं एकमेकांच्या कानाला लागतात. माझ्या थोरल्या बहिणीला सख्खा भाऊ एकच, तो म्हणजे मी. त्यामुळं खारबावला तिच्या मुलीच्या लग्नात माझ्यावाचून अडणार होतं. असा योग माझ्या वाट्याला फारसा येत नाही, म्हणून मी सकाळपासून नव्या सफारीत फुगून बसलो होतो.

कामतघरहून निघालो ते माझ्या जुन्या गाडीतून. बायको शेजारी, आई मागं, तिच्या मांडीवर आहेराच्या साड्या. गाडी चालवायला मी रीतसर शिकलो होतो, पण खरी विद्या घेतली ती दापोड्याला. तिथल्या गोदामात मी सुपरवायझर, आणि कापडाचे तागे नेणारे टेम्पोवाले माझे गुरू. त्यांचा मंत्र एकच: उतार लागला की न्यूट्रल, आणि जमलं तर किल्लीपण बंद. गाडी फुकटात पळते. गिअर खाली आणणं मला पटायचंच नाही. इंजिन ओरडतं, आणि माझ्या गाडीनं चारचौघांत ओरडलेलं मला आवडत नसे.

बायकोनं त्याच वर्षी मोटार ट्रेनिंगचा क्लास केला होता. मी तिला ‘क्लासवाली’ म्हणायचो आणि गाडी मात्र देत नसे.

रेल्वे फाटकाकडं उतरणारा लांब उतार लागला. मी न्यूट्रल टाकला, किल्ली फिरवली. गाडी अशी अलगद निघाली की आई म्हणाली, “इमानात बसल्यासारकं वाटतंय रं.”

“अहो, गिअरमधे ठेवा,” बायको म्हणाली.

“क्लासमधे उतार होता का?” मी विचारलं.

एक गतिरोधक आला, ब्रेक दाबला. एक शेळी आडवी आली, पुन्हा दाबला. वळण घेतलं तर खाली फाटक बंद, आणि आमच्यापुढं लोखंडी पाइप भरलेला ट्रेलर उभा. तिसऱ्यांदा ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल दगड! इंजिन बंद असलं की ब्रेकची मदतही बंद होते, आधीची शिल्लक दोन-तीन दाबांत संपते. हे टेम्पोवाल्यांनी मला सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊक असेल, मी विचारलं नव्हतं.

पाइपांची तोंडं मोठी होत चालली. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो. बायकोनं हँडब्रेक ओढला आणि ओरडली, “दुसरा टाका, दुसरा! आता क्लच सोडा!”

टाकला, सोडला. गाडीला कुणी शेपटीला धरून ओढावं तसा हिसका बसला. साड्या पुढं आल्या, आईचं कपाळ माझ्या डोक्यावर आपटलं, आणि आम्ही पाइपांपासून वीतभर अंतरावर थांबलो.

सुटलो म्हणेपर्यंत अडकलो. मागं ट्रक येऊन चिकटला. डावीकडं गोदामाची भिंत, इतकी जवळ की दार उघडेना. आणि फाटक बंद झालं की आपल्याकडं दोन्ही बाजूची माणसं दोन्ही लेन भरून उभी राहतात, त्यामुळं उजवीकडं एक रिक्षा माझ्या दाराला खेटून बसली. काच खाली केली तर रिक्षावाल्याचा तंबाखूचा वास. काच वर केली तर घाम. मालगाडी अशी रेंगाळत होती, जणू तिलाही कुणीतरी न्यूट्रलमधे सोडलं होतं.

मोबाइल वाजला. बहीण.

“कुठं हायस?”

“हा काय, आलोच. फाटकावर.”

“भटजी घाई करतायत. चुलत मामाला उभा करू काय? तो तर केव्हाचा फेटा बांधून खोलीच्या दारात हाय.”

तो माझा चुलतभाऊ. त्याचं कधी काही चुकत नाही, हीच त्याच्याबद्दलची माझी तक्रार. “नको!” मी इतक्या जोरात ओरडलो की रिक्षावाला दचकला.

फाटक उघडलं. रांग इंचभर सरकली. मी चावी फिरवली, इंजिन चालू झालं. पण पाय असे लटपटत होते की क्लचवर ठरेनात. गाडी बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मागचा ट्रकवाला खिडकीतून ओरडला, “अरे चाचा, शादी में जाना है के जनाजे में?”

“सोड, तिला चालवू दे,” आई म्हणाली. “तुला न्हाय जमत.”

दारं उघडत नव्हती. मग बोहल्याचा भावी मानकरी दोन सीटांच्या मधून मागं सरपटला. सफारीची पँट गिअरच्या दांड्यात अडकून मागून टर्रकन फाटली. ट्रकवाल्याला सगळं दिसत होतं. त्यानं हॉर्नही थांबवला.

बायको सरकून माझ्या जागी बसली. तिनं पदर खोचला, गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला, आणि क्लचवरून पाय काढूनच घेतला. गाडी तोलून धरल्यासारखी उतरायला लागली.

“इंजिन ओरडतंय,” मी मागून म्हणालो.

“ओरडू दे. ओरडतंय म्हणजे धरून ठेवतंय.”

फाटकापलीकडच्या उतारावर वळण दिसलं की ती आधीच तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायची, मग ब्रेकला नुसता पाय लावायची. “ज्या गिअरनं चढ चढाल त्याच गिअरनं उतरायचं,” ती आरशात बघून म्हणाली. मी साड्यांच्या पिशवीमागं चेपून बसलो होतो. स्वतःच्याच गाडीत मला खिडकीसुद्धा मिळाली नव्हती.

हॉलवर पोचलो तेव्हा मंगलाष्टकं सुरू व्हायची होती. आईनं पिशवीतली एक साडी काढून माझ्या कमरेभोवती उपरण्यासारखी गुंडाळली. चुलतभाऊ खोलीच्या दारातच होता. आत भाची हट्टानं बसून होती, “माझा मामा येतोय” म्हणत. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बाजूला झाला.

मी भाचीचा हात धरला. सनई सुरू झाली. चार पावलं टाकली असतील, तोच मुंडावळ्यांच्या आडून ती कुजबुजली, “मामा, पाय तुझे कशाला कापतायत? लग्न माझं आहे.”