चिठ्ठीखाली हिल्काची सही

आमच्या इमारतीतल्या बायकांना तोंडावर बोलायची हिंमत नाही. जे बोलायचं ते जिन्यातल्या फलकावर चिठ्ठी चिकटवून, तेही सही न करता. फिनलंडमधल्या टाम्परे शहरातल्या या इमारतीत अठ्ठावीस बिऱ्हाडं आहेत आणि सगळी एकजात भित्री.

हिल्का दुसऱ्या मजल्यावरची. वय त्रेपन्न, टपाल वाटते, एकटी राहते. आई गेल्यावर तिने अंथरूण धरलं होतं. नैराश्यावरच्या गोळ्यांनी ती पुन्हा कामाला लागली. गुरुवारी संध्याकाळी सहाला तळघरातल्या सौनात, म्हणजे सगळ्यांच्या वाफेच्या खोलीत, बायकांची वेळ असते. अंगावर चिंधी नसते आणि कुणी कुणाकडे बघत नाही, अशी आमची रीत. म्हणे! एका गुरुवारी हिल्काच्या छातीतून दुधाचे थेंब ओघळले आणि ते सगळ्यांनी पाहिले. मीसुद्धा.

सोमवारी फलकावर चिठ्ठी लागली: 'ज्यांच्या अंगातून काही गळतं त्यांनी सौनात येऊ नये.' अक्षर इमारतीच्या अध्यक्षबाई मार्युतचं. शेंबडं पोरही ओळखेल.

हिल्काने दवाखान्यात फोन केला. "तुमच्या वयात व्हायचंच असं काहीतरी," एवढं सांगून डॉक्टर मोकळा झाला. काय तो विद्वान! मग हिने स्वतःच डॉक्टरकी केली आणि गोळ्या बंद करून टाकल्या.

तीन आठवड्यांनी मी तिचं दार वाजवलं. पडदे ओढलेले, टपालाचा गणवेश जमिनीवर पडलेला.

"गोळ्या कुठायत?"

"टाकल्या. बरी आहे मी."

"दिसतंय ना! केसांना कंगवा कधी लागला होता?"

"मग काय करू? या वयात दूध! लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे ती मार्युत? तिची अक्कल गुडघ्यात. ऊठ, कोट घाल."

तिला दवाखान्यात नेलं. या वेळी डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रक्त तपासायला पाठवलं. पुढच्या भेटीत म्हणाल्या, "गोळीमुळे दूध आणणारं हार्मोन वाढलं होतं, अजून पुरतं उतरलेलं नाही. पण अशी एकदम सोडायची नसते हो. दुसरी गोळी सुरू करू, मग पुन्हा रक्त बघू. दूध थांबायला थोडा वेळ लागेल." इतकं सोपं होतं, आणि आधीच्या शहाण्याला तेवढंही सुचलं नव्हतं.

नव्या गोळीने हिल्का हळूहळू सावरली, कामावर जाऊ लागली. एके दिवशी मार्युतच्या चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी दिसली: 'गळतंय ते दूध आहे. गोळ्यांमुळे येतं. गोळ्या होत्या म्हणून मी उभी राहिले. गुरुवारी सहाला येते. हिल्का, घर क्रमांक नऊ.' त्या फलकावर सही असलेली ही पहिलीच चिठ्ठी.

गुरुवारी ती आली, वरच्या फळीवर बसली, तापल्या दगडांवर पाणी ओतलं.

"आणखी टाकू का गं, मार्युत?"

"टाक," मार्युत म्हणाली. मान खाली.

मला हसू फुटणार, तेवढ्यात हिल्का माझ्याकडे वळली.

"ती चिठ्ठी तू पहिल्याच दिवशी वाचलीस ना?"

"हो."

"मग तीन आठवडे कुठे होतीस?"

मी घरातच होते. मार्युतला नावं ठेवत बसले होते.