माय फोटोला उभी राहिली

गाव सोडलं त्या दिवशी माय प्रकाशापर्यंत बैलगाडीत माझ्याबरोबर आली. तिथून मला नावेने तापी ओलांडून नंदुरबारला जायचं होतं, नंदुरबारहून सुरतेच्या गाडीने मुंबई, आणि मुंबईहून बोटीने आफ्रिका. माझे दोन मित्र नंदुरबारपर्यंत सोडायला आले होते, दगाजी आणि विष्णू. दगाजीच्या गळ्यात नेहमीप्रमाणे डबा कॅमेरा होता. तो मायला म्हणाला, मावशी, एक फोटो काढू द्या. तिने पदर चेहऱ्यावर ओढून घेतला.

"फोटूमा माणूस अडकी जास," ती म्हणाली. "मी नही उभी ऱ्हास."

आम्ही तिघेही हसलो. नाव सुटल्यावर तिने पदर मागे सारला आणि काठावर उभी राहिली. दगाजीने नावेतून कॅमेऱ्याच्या काचेत पाहिलं आणि मान हलवली. एवढ्या लांबून त्या डब्याला माणूस दिसत नाही.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे समुद्र ओलांडून गेलेल्यांनो, पुढचं तुम्हा दोघांसाठी लिहितो आहे.

तो कॅमेरा दगाजीच्या सुरतेच्या मामाने त्याला दिला होता. काळा पुठ्ठ्याचा डबा, पुढे भिंग, वर नखाएवढी काच. त्या काचेत डावीकडचा माणूस उजवीकडे दिसायचा. डबा पोटाशी धरायचा, सूर्य पाठीशी घ्यायचा, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. एका रोलमध्ये आठच फोटो, म्हणून एकेका फोटोसाठी आम्ही भांडायचो. कधी उनपदेवच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचो, कधी प्रकाशाच्या घाटावर. बरोबर भाकरी, भरीत आणि मिरचीचा ठेचा असायचा. दगाजी आम्हाला उन्हात इतका वेळ उभं करायचा की विष्णू वैतागून पाण्यात उडी मारायचा, आणि फोटोत नुसते तुषार यायचे. रोल सुरतेला धुवायला जायचा. फोटो हातात पडेपर्यंत आपण कसे उभे होतो तेही विसरायला व्हायचं. असं सुख मला पुढे कुठे मिळालं नाही.

नैरोबीत रेल्वेच्या कचेरीत कारकुनी मिळाली. पत्र्याची क्वार्टर, मक्याच्या पिठाचं 'उगाली', साहेबाची इंग्रजी, बाजारात स्वाहिली. दोन वर्षांनी रजेवर जायचं ठरलं होतं. तेवढ्यात लढाई लागली. बोटी सैन्यासाठी गेल्या, रजा बंद झाल्या, पत्रं महिनोन् महिने यायची नाहीत.

मग एक दिवस मायचा चेहरा आठवेना. तिचे हात आठवत होते, चुलीपुढे वाकलेली पाठ आठवत होती, बोलणं कानात होतं. चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. कचेरीत आकडे मांडता मांडता मी डोळे मिटून बसायचो. गर्दीतल्या म्हाताऱ्या बायकांची तोंडं निरखायचो, वाटायचं, एखादीचं नाक तरी तसं निघेल. वेडा होतो की काय अशी भीती वाटायला लागली. मी दगाजीला लिहिलं, काहीही कर, पाया पड, पण तिचा फोटो काढ.

लढाईत रोल मिळणं बंद झालं होतं. दगाजीच्या कॅमेऱ्यात मात्र एक अर्धवट रोल पडून होता. मी गेल्यानंतरच्या सहलीत त्यावर एकच फोटो काढलेला. उरलेली सगळी जागा त्याने मायसाठी वापरली. सुरतेत रोल धुवायची औषधंही मिळत नव्हती, म्हणून त्याने रोल तसाच काळ्या कागदात गुंडाळून मला पाठवला.

पार्सल आलं ते फोडून पुन्हा चिकटवलेलं होतं. लढाईचे दिवस, वाटेत कुणीतरी आत काय आहे ते बघितलं असणार. काळा कागद सुटा पडला होता. मी तसाच धावत नैरोबीतल्याच एका गोवेकर फोटोग्राफरकडे गेलो. लाल दिव्याखाली त्याने फिल्म पाण्यातून वर काढली. उजेड लागून ती काळीठिक्कर झाली होती. गुंडाळीच्या अगदी आतला पहिला फोटो तेवढा वाचला होता. प्रकाशाच्या घाटावर विष्णू उन्हाने डोळे बारीक करून हसत होता. जिवाभावाच्या मित्राचा मला इतका राग आला की तो फोटो मी घेतला नाही.

पुढच्याच डाकेने भावाचं पत्र आलं. माय होळीच्या आधीच गेली होती, पार्सल माझ्या हाती पडण्याच्याही आधी.

लढाई संपल्यावर मी गावी गेलो. दारात भावाने माझी ट्रंक उतरवून घेतली आणि लगेच विचारलं, "फोटू लयना का?" मायचा फोटो माझ्याकडे आहे, असं सगळं घर धरून चाललं होतं. रोल जळाला हे लिहायला माझा हात धजला नव्हता. आता सांगितलं. वहिनीने भावापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, तो त्याने उचलला नाही.

दगाजी संध्याकाळी आला. मी त्याला म्हणालो, ती कशी उभी राहिली ते तरी सांग. तो उपरण्याने तोंड पुसून सांगू लागला.

मायला तेव्हा खोकला लागला होता. तिने अंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसली, आपणहून गोठ्याबाहेर उन्हात येऊन उभी राहिली. दगाजी म्हणाला, मावशी, हलू नका. पण ती ओठ हलवत होती.

"ती डबाले बोलनी," दगाजी म्हणाला. "तिले वाटनं, तू तठून ऐकी ऱ्हायना. 'जेवना का भाऊ? कव्हय येशी?' दर फोटोले तेच. मी काय सांगू तिले?"

भाऊ उठून गोठ्यात गेला.

मी पुन्हा नैरोबीला आलो. बायको इथलीच, मुलं स्वाहिलीत भांडतात. गावी कळसाडीला भाऊ आहे, पण तिथे माझं ताट आता पाहुण्याचं म्हणून आधी वाढतात. घर कुठलं असं कुणी विचारलं की मी जिल्हा सांगतो, तालुका सांगतो, गाव सांगतो. मनात मात्र गोठ्याबाहेरचं ते ऊन असतं. तिथे एक बाई उभी आहे. तिला चेहरा नाही. मी जेवलो का म्हणून ती विचारते आहे, आणि उत्तरासाठी थांबली आहे.