पाच गावांचे रुमाल

त्या दिवशी सकाळी नाशकात अशी थंडी पडली होती की ओट्यासमोर शेकोटी पेटवली तरी बोटं वळेनात. सातपूरच्या आमच्या कॉलनीत गार वारा शिरला की माणसं उबेला जवळ येतात, आणि माणसं जवळ आली की किस्से साचतात. रोज झाडलं तरी कोपऱ्यात धूळ साचते ना, तसे. आमच्या ओट्यावरचे बरेचसे किस्से एकाच सहलीचे आहेत. सहल इटलीतली, पण तिचं प्लॅनिंग झालं सातपूरला!

ओटा म्हणजे आम्ही तीन म्हातारे. मी, कारखान्याच्या गेटवरचा रिटायर वॉचमन. शेजारचा पगारे, एसटीचा रिटायर कंडक्टर. आणि समोरच्या दुकानातला रशीदभाई टेलर, मूळचा मालेगावचा. माझी बायको पार्वती ओट्यावर बसत नाही, दारात उभी राहते. पण शेवटचा शब्द तिचा.

त्या थंडीत दिलीपचा फोन आला. दिलीप आमचा मुलगा. डिप्लोमा करून कंपनीतर्फे मिलान शहरात गेलेला, तिथं एकटाच राहायचा. म्हणाला, "उन्हाळ्यात या दोघं."

पार्वतीनं पहिलाच प्रश्न टाकला, "तिथून समुद्र किती लांब?" जन्मात तिनं समुद्र पाहिला नव्हता.

दिलीप म्हणाला, रेल्वेनं गेलं की समुद्राच्या कडेला पाच गावं आहेत, एकापुढे एक, डोंगराला चिकटलेली. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

"मग येऊ की आम्ही जाऊन," मी म्हणालो.

"तुम्ही? बाबा, तुम्हाला तिथले बोर्ड वाचता यायचे नाहीत. मला सुट्टी मिळाली की मी नेईन. तुम्ही दोघांनी बाहेर पडायचं नाही."

खोटं नव्हतं ते. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. मराठी अक्षरं शिकलो ती गेटवर बसून, ट्रकांच्या मागचं वाचत. इंग्रजी राहून गेली.

पार्वतीनं माझ्या हातातून फोन घेतला. "न्यायला आम्ही काय बोचकं आहोत का रे?" म्हणाली, आणि ठेवूनच दिला!

* * *

ओट्यावर पगारेनं सूत्रं हातात घेतली. सायबर कॅफेतून नकाशा छापून आणला आणि मांडीवर पसरला.

"पाच गावं म्हणजे पाच स्टॉप. पहिल्या गावाला उतरायचंच नाय, अण्णा. सरळ शेवटचं गाव गाठायचं आणि एकेक करत मागं यायचं."

"का बरं?"

"सगळी पब्लिक पहिल्या स्टॉपला धावती. आपण उलटं निघालो की खिडकी भेटती!"

मी हळूच विचारलं, "पगारे, तू कधी गेलायस का तिकडं?"

"पब्लिकला काय बघायला जायचं, अण्णा? पब्लिक सगळीकडं पब्लिकच हाय!"

* * *

राहिला प्रश्न बोर्डांचा. रशीदभाईनं मशीन थांबवलं.

"पढना कायको, अण्णा? कापडाला मॅचिंग अस्तर लावतो तेव्हा मी कापड वाचतो क्या? डोळ्यानं मिलवतो!"

त्यानं पाच पांढरे रुमाल घेतले आणि एकेकावर एकेका गावाचं नाव, नकाशात बघून, रंगीत धाग्यानं भरलं. स्टेशन आलं की रुमाल बोर्डाकडं धरायचा. जुळलं तर उतरायचं, नाही जुळलं तर बसून राहायचं.

एका गावाचं नाव इतकं लांब निघालं की मध्येच निळा धागा संपला. उरलेलं नाव त्यानं लाल धाग्यानं पुरं केलं. "भाभी, ह्या गावात संभालके उतरना. आधं गाव दुसऱ्या रंगाचं हाय!"

पार्वतीनं पाचही रुमाल निरखून बघितले, नीट घडी घातली. म्हणाली, "छान झालेत. आणि परत यायचा रुमाल कुठाय?"

परत यायचं आम्हा तिघांच्या डोक्यातच नव्हतं!

मिलानचा सहावा रुमाल त्याच दुपारी शिवून झाला.

* * *

मग पगारेनं रंगीत तालीम काढली. "हितं पास व्हा, मग तिकडं जा." नाशिकरोडहून इगतपुरीकडं जाणारी पॅसेंजर धरायची, देवळालीला उतरायचं, मागच्या गाडीनं घोटीला जायचं आणि परत यायचं. रशीदभाईनं जुन्या अस्तरावर स्टेशनांची नावं इंग्रजीत भरून दिली. मराठी पाटी दिसली की मी डोळे मिटायचे, अशी पगारेची सक्त ताकीद. अख्खा डबा माझ्याकडं बघत होता. बघू दे. मी डोळे मिटत राहिलो.

देवळाली जुळलं. घोटी जुळलं. परतीच्या गाडीत मी आणि पार्वती चढून बसलो. पगारे मात्र प्लॅटफॉर्मवर एका तिकीट तपासनिसाला तिकीट कसं तपासावं ते शिकवत राहिला. गाडी हलली. खिडकीतून मी हात केला, त्यानंही केला. त्याला वाटलं, दुसऱ्याच कोणाची गाडी सुटली!

आम्ही दिवेलागणीला घरी. पगारे उगवला दुसऱ्या दिवशी, भाजीच्या टेम्पोतून. त्याची बायको रशीदभाईच्या दुकानात गेली. "भाई, एक मोठा रुमाल घ्या, त्यावर सातपूर लिहा आणि ह्यांच्या गळ्यात बांधा!"

* * *

व्हिसासाठी मुंबईला जावं लागलं. एजंटानं पढवलं होतं, कोणी विचारलं तर एकच उत्तर, ‘मुलाला भेटायला.’

काचेमागच्या पोरीनं मराठीतच विचारलं, "आजी, कशाला जाताय?"

"समुद्र बघायला!" पार्वती म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

पोरगी हसली. "अहो, समुद्र इथं मुंबईत आहे की. इथून चालत जाता येईल."

"त्याचं काय बाई, तुम्हाला जमणार नाही असं ह्या समुद्राबद्दल आम्हाला कोणी म्हटलेलं नाही. त्या समुद्राबद्दल म्हटलंय."

व्हिसा मिळाला. मी म्हणालो, आलोच आहोत तर इथलाही बघून घेऊ. पार्वती सरळ स्टेशनाकडं चालायला लागली!

* * *

मिलानला पोचलो तर दिलीपचं रोज तेच. ‘रविवारी बघू.’ रविवार आला की ऑफिसचा फोन यायचा. शिवाय दिलीप समोरच्या फ्लॅटमधल्या म्हातारीचा दाखला द्यायचा. "बघा त्या आजी. तुमच्याच वयाच्या. मुलगी न्यायला आली तरच बाहेर पडतात. किती शहाण्यासारख्या राहतात!" म्हातारी दारात दिसली की आम्ही नमस्कार करायचो, ती मान हलवायची. तेवढीच ओळख.

एका बुधवारी दिलीप ऑफिसला गेला, आणि आम्ही चटणी-पोळी बांधून निघालो.

तिकिटाच्या खिडकीत मी रुमाल पसरला आणि दोन बोटं दाखवली. आतल्या माणसानं रुमाल उचलून शेजारच्याला दाखवला, दोघं हसले, पण तिकिटं दिली. गाडीत मी प्रत्येक स्टेशनाला रुमाल धरून उभा. शेवटी एक बोर्ड जुळला, अर्ध्या निळ्या अर्ध्या लाल रुमालाशी!

त्या गावात पार्वती निऱ्या वर खोचून पाण्यात शिरली. बराच वेळ उभी राहिली. मी काठावरून विचारलं, "कसा आहे?"

"गोदावरीसारखा नाही. पुढं जातो आणि परत येतो." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आपणही जाऊ परत. पण अजून थोडं थांबू."

पाचांतली तीन गावं झाली. संध्याकाळी मिलानला आलो तेव्हा ऊन अजून होतं. दिलीप जिन्यात उभा, लालबुंद. दुपारपासून घरी फोन लावत होता.

"पोलिसांत जाणार होतो मी! हरवला असता तर?"

"हरवलो नाही," मी सावकाश म्हणालो.

"जीव गेला असता माझा! वाचता येत नाही, भाषा येत नाही, आणि..."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. मला वाटलं, आरडाओरडा ऐकून म्हातारी चिडली. मी हात जोडले. तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. ती पार्वतीच्या साडीच्या ओल्या काठाकडं, पायांवरच्या वाळूकडं बघत होती. खूप वेळ बघितलं. मग माझ्याकडं बघून ती बरंच काही बोलली, आणि बोलता बोलता तिनं दिलीपला हातानं बाजूला सारलं.



"काय म्हणतात त्या?" मी विचारलं. खाली बघत दिलीपनं तिचं बोलणं मला सांगितलं:

"‘पुढच्या वेळी माझं दार वाजवा. माझ्या मुलीला विचारत बसू नका.’"